उन्हाने पांढरट पडलेली बोट पुन्हा कशी चमकवायची? आणि घासायला घेण्याआधी काय तपासायचं?

जामखेडपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही बोट हा विषय इथल्या माणसाला परका नाही. तालुक्यात भुतवडा तलाव आहे, खैरी प्रकल्प आहे. शेजारच्या कर्जत तालुक्याला उजनीचं बॅकवॉटर लागून आहे. त्याच तालुक्यातल्या सिद्धटेकला भीमेवर पूल होण्याआधी भाविक पलीकडच्या शिरापूरहून होडीने जायचे. उजनीत आजही मासेमारी चालते आणि हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला आलेले पर्यटक बोटीतूनच फिरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांमध्ये अडकलेल्या लोकांना बोटींनीच बाहेर काढावं लागलं.

आपल्याकडच्या बोटींना समुद्राचं खारं पाणी लागत नाही, पण ऊन भरपूर लागतं. पाणी आटलं, धरण ‘मायनस’मध्ये गेलं की बोट काठावर महिनोन्‌महिने पडून राहते. दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा निळा किंवा लाल रंग फिका पडतो, हात फिरवला की खडूसारखी पांढरी पावडर लागते. मग मालकाला वाटतं, बोट म्हातारी झाली, आता रंग मारायचा किंवा विकून टाकायची.

बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. फायबरची बोट योग्य पद्धतीने घासून, पॉलिश करून पुन्हा चमकवता येते. मात्र हे कसं करायचं, कुठे थांबायचं आणि चमकलेली बोट मजबूत असेलच का, हे आधी समजून घ्यायला हवं.

थोडक्यात सांगायचं तर:

• फायबर बोटीची चमक तिच्या वरच्या पातळ थरात असते. या थराला जेलकोट म्हणतात. ऊन हा थर वरून खात जातं.
• चमक परत आणणं म्हणजे खराब झालेला भाग काढून खालचा चांगला भाग वर आणणं. म्हणून दर वेळी थर थोडा कमी होतो.
• घासण्याआधी भेगा, फोड आणि इंजिन बसवायची फळी तपासायची. पॉलिश यातलं काहीच दुरुस्त करत नाही.
• एकदा आलेली चमक टिकवायची असेल तर वॅक्स आणि सावली, या दोनच गोष्टी कामाला येतात.

चमक जाते म्हणजे नेमकं काय होतं?

फायबर बोट बाहेरून आत अशी उलटी तयार होते. आधी बोटीच्या आकाराचा साचा असतो. त्याची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत केलेली असते. त्यावर रंगीत जेलकोटचा फवारा मारतात, मग काचेच्या तंतूंची चादर आणि रेझिन यांचे थर चढवतात. सगळं सुकलं की बोट साच्यातून बाहेर काढतात. म्हणजे नव्या बोटीची चमक ही साच्याच्या गुळगुळीतपणाची नक्कल असते. वरून वेगळा चकाकता रंग दिलेला नसतो.

हा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. एटीएम कार्डापेक्षाही पातळ. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्यातल्या रेझिनची रासायनिक साखळी तोडतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा त्याला हातभार लावतात. रेझिन झिजलं की त्यात धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात. हाताला लागते ती पांढरी पावडर हीच. या प्रकाराला ऑक्सिडेशन म्हणतात.

चमक जाण्यामागे प्रकाशाचं साधं गणित आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परत येतो, म्हणून चकाकी दिसते. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडले की तोच प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि रंग मळकट, पांढुरका दिसतो. गडद निळ्या, लाल बोटींवर हे लवकर डोळ्यात भरतं. पांढऱ्या बोटीची झीजही होत असते, पण ती चटकन दिसत नाही.

नुसती धूळ, पाण्याचे डाग की खरंच झीज?

घासायला घेण्याआधी बोट पाणी आणि साध्या सौम्य साबणाने स्वच्छ धुवा. वाळल्यावर तीन गोष्टी करून बघा.

पहिली, काळं किंवा गडद फडकं दाबून फिरवा. फडक्यावर पावडर आली तर ऑक्सिडेशन आहे.

दुसरी, बोटीचा एक भाग ओला करा. ओला असताना रंग एकसारखा, गडद आणि चमकदार दिसतो आणि वाळल्यावर पुन्हा पांढरट होतो का? तसं होत असेल तर चांगली बातमी आहे. पाणी बारीक खड्डे भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरती चमक दिसते. याचा अर्थ खाली रंग शाबूत आहे आणि पॉलिशने तो वर आणता येईल. ओली असतानाही बोट ठिपक्याठिपक्यांची, चट्ट्याचट्ट्यांची दिसत असेल तर झीज खोल गेली आहे.

तिसरी, डाग कुठे आहेत ते बघा. बोअरच्या जड पाण्याने धुऊन बोट उन्हात वाळवली की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात. ते ऑक्सिडेशन नव्हे. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ते बऱ्याचदा निघतात. नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. बोट पाण्यात जिथपर्यंत बुडते त्या रेषेवर हिरवट-तपकिरी पट्टा बसतो, त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड असलेला क्लीनर वापरतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करायचं. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चमक नंतर, तपासणी आधी

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा पॉलिशशी संबंध नव्हता. पण आपल्या भागात माणसं बोटीच्या भरवशावर पाण्यात उतरतात आणि उतरताना तिच्याकडे फक्त वरवर बघतात, हे त्यानंतर तरी बदलायला हवं.

बोट स्वच्छ धुतलेली असते तेव्हाच तिचे दोष सगळ्यात नीट दिसतात. एकदा चकाकी आली की नजर फसते. जुनी बोट विकत घेणाऱ्याने तर हे लक्षातच ठेवावं. तपासायच्या जागा अशा:

• भेगा: केसासारख्या, एका बिंदूतून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा दिसल्या तर तिथे मार बसला आहे किंवा बोट तिथे वाकते आहे. भेग फक्त जेलकोटमध्ये आहे की खालच्या फायबरपर्यंत गेली आहे, हे जाणकाराकडून बघून घ्या.
• फोड: बोटीच्या तळाला बारीक फुगवटे असतील तर पाणी आत झिरपलं आहे. असा फोड फुटला की आंबट वासाचं पाणी येतं. फोड असलेली बोट पूर्ण वाळवून दुरुस्त करावी लागते.
• आवाज: नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो. एखाद्या जागी तो बद्द येत असेल तर आतले थर सुटलेले असू शकतात.
• इंजिनची फळी: बोटीच्या मागच्या बाजूला जिथे इंजिन लटकवतात, त्या भागात फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी गेलं की ते आतल्या आत कुजतं. इंजिन धरून वर-खाली हलवल्यावर फळी लवचत असेल तर ती बोट पाण्यात न्यायची नाही.

यातलं काही सापडलं तर आधी दुरुस्ती करायची. प्रवासी वाहतूक करणाऱ्या बोटीसाठी तर नोंदणी आणि तपासणीही आलीच. इंजिनवर चालणाऱ्या अंतर्देशीय बोटींसाठी ‘इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१’ हा कायदा आहे. बोटीवर लिहिलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता घासताना पुसली जाणार नाही, याचीही काळजी घ्या.

चमक आणायची पद्धत

सामान शोधायला मुंबई-गोव्याला जायची गरज नाही. वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स आणि बफिंगचे पॅड गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतात. बोटींसाठीचं, म्हणजे जेलकोटसाठीचं कंपाउंड मिळालं तर ते जास्त चांगलं, कारण जेलकोट गाडीच्या रंगापेक्षा जाड असतो आणि त्याला थोडं वेगळं कंपाउंड लागतं.

१. सावली शोधा. तापलेल्या बोटीवर कंपाउंड लगेच सुकतं आणि डाग पडतात. झाडाखाली, शेडमध्ये किंवा सकाळी लवकर काम करा. उन्हाळ्यात दुपारी बोटीला हात लावू नका.

२. जुना मेण-तेलकटपणा काढा. फडक्यावर थोडं थिनर किंवा ॲसिटोन घेऊन हलकेच पुसा. ओतायचं नाही. जवळ बिडी-सिगारेट, चूल, वेल्डिंग काहीही नको.

३. एका कोपऱ्यात प्रयोग करा. सगळ्यात सौम्य वस्तूपासून सुरुवात करायची. नुसत्या पॉलिशने चमक आली तर कंपाउंड वापरायचं नाही. कंपाउंडने आली तर वॉटर पेपर लावायचा नाही. या संपूर्ण कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आहे, कारण काढलेला थर परत येत नाही.

४. गरज असेल तरच वॉटर पेपर. झीज खोल असेल तर ८०० किंवा १००० नंबरच्या पेपरने पाणी लावत घासायचं, मग १५००, मग २०००. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. मधला टप्पा गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे राहतात आणि चमक आल्यावर ते उन्हात स्पष्ट दिसतात. एक सोपी युक्ती आहे. घासण्याआधी त्या भागावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. रेघा सगळीकडून एकसारख्या गेल्या की थांबा.

५. कंपाउंड. दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. लोकरी पॅडवर थोडं कंपाउंड लावून आधी कमी वेगात पसरवा, मग वेग थोडा वाढवा. मशीन एका जागी धरून ठेवायचं नाही. पुढचा तुकडा घेण्याआधी हा पुसून बघायचा. मशीन नसेल तर हातानेही होतं, फक्त खांदे भरून येतात. १५ फुटांची बोट एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका.

६. पॉलिश. पॅड बदलून फोमचा घ्या आणि बारीक पॉलिश फिरवा. कंपाउंडने आलेल्या गोल-गोल रेषा यात जातात. खरी खोल चकाकी या टप्प्यावर येते.

७. वॅक्स. पातळ थर लावा, धुरकट दिसू लागला की मऊ फडक्याने पुसा. जाड थराने जास्त चमक येत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.

दोन ठिकाणी विशेष जपायचं. बोटीच्या कडा आणि कोपऱ्यांवर पॅड जोरात घासतं आणि जेलकोट पटकन उडतो, म्हणून तिथे चिकटपट्टी लावून शेवटी हाताने काम करा. दुसरं म्हणजे जिथे माणसं पाय ठेवतात, तो खडबडीत भाग पॉलिश करायचा नाही आणि त्यावर वॅक्स तर अजिबात नाही. ओल्या पायाने माणूस घसरलाच म्हणून समजा.

घासता घासता खालचा रंग वेगळा किंवा पारदर्शक दिसायला लागला, किंवा फायबरची जाळी दिसली, तर तिथेच थांबा. जेलकोट संपला आहे.

तीन शॉर्टकट, जे महागात पडतात

ग्राइंडरला पॅड लावणं. वेल्डिंगच्या दुकानातला हँड ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. बफिंगसाठी साधारण एक ते दोन हजार फेऱ्यांचं, वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर लागतं. ग्राइंडरने काही सेकंदांत जेलकोट जळतो आणि तो डाग पॉलिशने जात नाही.

डिझेल किंवा जुनं ऑइल फिरवणं. यानेही बोट चमकते. कारण वर सांगितलेल्या ओल्या भागाचंच: तेल खड्डे भरतं. काही दिवसांत त्यावर धूळ चिकटते आणि बोट आधीपेक्षा मळकी दिसते. वर ते तेल थेट तलावात उतरतं.

फ्लोअर पॉलिशसारखा चकाकता थर. ऑक्सिडेशन न काढता वरून ॲक्रिलिकचा थर दिला तर फोटोत बोट नवी दिसते. पुढे तो पिवळा पडतो, सालीसारखा निघतो आणि खरवडताना जीव जातो. विकायला काढलेली जुनी बोट संशयास्पद चकाकत असेल तर आडोशाच्या जागी, बाकाखाली किंवा कडेच्या आत नखाने खरवडून बघा.

गाडीचा गॅरेजवाला हे करू शकेल का?

हो, हात चांगला असेल तर नक्कीच. फक्त त्याला एक फरक सांगावा लागेल. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो. जेलकोट त्याच्या दहापट जाड. त्यामुळे जेलकोट थोडा जास्त घासला तरी सहन करतो, पण गाडीवर रंगाचा नवा हात मारणं जितकं सोपं, तितकं बोटीवर नाही. त्याला आणखी एक गोष्ट आठवणीने सांगा: डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे बोटीवर मारायचा नाही. पुढे कधी दुरुस्ती किंवा रंगकाम करायचं झालं तर सिलिकॉन लागलेल्या जागी नवा थर धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पॉलिशने भागत नसेल तर?

जेलकोटच संपला असेल तर दोन मार्ग उरतात. एक, नवा जेलकोट. त्यात हार्डनर अगदी मोजून, साधारण एक ते दोन टक्के मिसळावा लागतो. कमी पडला तर थर चिकट राहतो, जास्त झाला तर तडकतो. हा हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, त्यामुळे चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. दुसरा मार्ग म्हणजे टू-पॅक पॉलियुरेथेन रंग. तो टिकाऊ असतो, पण त्याच्या फवाऱ्यातली रसायनं फुफ्फुसाला घातक असतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो. ही दोन्ही कामं जाणकारानेच केलेली बरी.

लाकडी आणि पत्र्याच्या बोटींचं काय?

त्यांचं तंत्र वेगळं आहे. लाकडी होडीला तेल, व्हार्निश किंवा रंग लागतो. कोकणात लाकूड टिकवण्यासाठी माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल वापरण्याची पद्धत आहे. तिथे या कामाला वर्षातली ठरलेली वेळही मिळते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दुरुस्ती, रंगरंगोटी तेव्हाच उरकली जाते. नारळी पौर्णिमेला दिसणाऱ्या रंगवलेल्या बोटींमागे ही मेहनत असते.

पत्र्याच्या बोटीचा शत्रू गंज. तिथे पॉलिश करण्यात अर्थ नाही. गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडसारखा प्रायमर द्यायचा आणि वरून ऑइल पेंट मारायचा.

घासलेली पावडर जाते कुठे?

हा प्रश्न आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. घासताना उडणारी धूळ रंग, प्लास्टिक आणि कधीकधी काचेच्या तंतूंची असते. ती श्वासात जाऊ नये म्हणून मास्क हवा, अंगभर कपडे हवेत. वॉटर पेपर पाण्यासोबत वापरण्याचा एक फायदा हाच की धूळ उडत नाही.

पण मग ते गढूळ पाणी वाहून जातं. भुतवडा तलाव जामखेड शहराला पाणी पुरवतो. उजनीचं पाणी सोलापूरपर्यंत प्यायलं जातं. बोट पाण्याच्या कडेला उभी करून कंपाउंड, थिनर आणि ॲसिड धुऊन टाकलं तर ते शेवटी आपल्याच नळाला येणार. बोट काठापासून लांब न्या, खाली ताडपत्री अंथरा, वाळलेली घाण आणि फडकी गोळा करून कचऱ्यात टाका. थिनर लागलेली फडकी बोळा करून कोंबू नका. ती मोकळी वाळवायची, नाहीतर पेट घेऊ शकतात.

चमक किती दिवस टिकते?

दिवसभर उन्हात असलेल्या बोटीवर वॅक्स काही महिनेच पुरतं. ते संपलं का, हे बघायला पाणी शिंपडा. थेंब गोल मण्यांसारखे उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी पसरलं तर पुन्हा लावायची वेळ झाली. आपल्या हवामानात उन्हाळ्याआधी फेब्रुवारीत एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा वॅक्स केलं तर कंपाउंडला हात लावायची वेळ फार उशिरा येते.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सावली. शेड नसेल तर फिकट रंगाची ताडपत्री. ती बोटीला चिकटवून न बांधता खाली हवा खेळेल अशी टांगायची, नाहीतर आत ओल धरते. बोट पालथी ठेवणार असाल तर तिचा तळ उन्हात येतो, त्यामुळे तळही झाकायला हवा.

फायबर किती काळ साथ देऊ शकतं याचं एक उदाहरण गोव्यातलं आहे. ‘तारिणी’ ही ५६ फुटांची नौका गोव्यात बांधली गेली, लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबर. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती नौदलात दाखल झाली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगाची फेरी मारली. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. ऊन, खारं पाणी, दक्षिण महासागराच्या लाटा हे सगळं त्या नौकेने दोनदा झेललं. मधल्या काळात तिची देखभाल होत राहिली.

तलावाच्या काठावरच्या १५ फुटी बोटीला एवढं काही झेलायचं नसतं. वर्षातून दोन वेळा धुणं-पुसणं, वॅक्स आणि डोक्यावर सावली एवढ्यावर ती बरीच वर्षं काढते. आणि त्या दोन वेळा बोट धुऊन झाली की भेगा, फोड आणि इंजिनची फळी बघून घ्या, लाइफ जॅकेटचे पट्टे आणि बक्कल ओढून तपासा. मग पॉलिशचा डबा उघडा.